मला शंका होती

सोल, मंगळवार

बाबा, वाकून नमस्कार.

आईच्या किमचीची बरणी पोचली. खोलीभर घरचा वास सुटलाय. कालवं फोडताना तिचा हात पुन्हा कापला नाही ना?

मी मजेत आहे. तुम्ही बजावलं होतंत, ‘कॉलेजात रोज एक तरी शंका विचार.’ विचारायचे. एकदा तास संपता संपता विचारली, तर वर्गाच्या निनावी ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, ‘खिडकीपाशी बसणारी गावाकडची बया आज आपल्याला जेवू देणार का?’ खाली सगळ्यांनी हसरे चेहरे टाकले. तेव्हापासून मी भिंतीकडे बसते.

आज म्हातारे चो सर शिकवता शिकवता थांबले. “कुणाला काही शंका?” सगळ्यांच्या माना मोबाईलमध्ये. “वा, सगळेच हुशार!” म्हणत त्यांनी फळा पुसला.

बाबा, मला होती.

तुमचीच,
बोरम