प्रकाशचा अंगठा

नाशिक, मंगळवार, १८ नोव्हेंबर

आज माझ्या हातून सरकारची बाजू घेतली गेली. वीस वर्षं सरकारची टर उडवून पोट भरणाऱ्याला हे शोभतं का?

दोष मेहुण्याचा. प्रकाश विंचूरला कांद्याचा व्यापारी. संध्याकाळी आला तो कावलेलाच. "दाजी, एक झणझणीत लेख लिहा. डॉलर-रुपयाच्या सौद्यात हातातल्या पैशाच्या किती पट खेळायचं, यावर बी सरकारचं बंधन! हे परदेशी ॲप बघा, पाचशेपट खेळू देतं." नव्या कांदाचाळीसाठी साठवलेले सगळे पैसे तो त्यात टाकायला निघाला होता. अंगठा हिरव्या बटणाजवळ. बोलत होतो त्याच्याशी, पण नजर त्या अंगठ्यावर.

म्हटलं, "उद्या कुणी एका क्विंटलचे पैसे खिशात घालून तुमच्या लिलावात पाचशे क्विंटलची बोली लावली तर?"

"हाकलून देऊ! भाव जरा हलला की त्याचा खिसा रिकामा. असल्याला लिलावात उभा बी करत नाय."

"मग सरकार वेगळं काय म्हणतंय?"

आतून बायको म्हणाली, "पक्या, ते ॲप तुला अंगठा दाखवायच्या आत तुझा अंगठा काढ."

काढला. ॲपही काढलं, आणि वर दोनदा चिवडा मागून घेतला. चाळ होणार म्हणे.

आता उद्याच्या सदराचं काय? सरकारचं बरोबर आहे असं छापलं, तर वाचकांना वाटेल मला विकत घेतलं. त्यापेक्षा रस्त्यातल्या खड्ड्यांवर लिहितो. तिथे सरकार मला कधी दगा देत नाही.