अविचा सीझन

३० ऑक्टो. ९८, शुक्र.
अविचं सिलेक्शन झालं. जबल अली बंदरातल्या चार कंपन्यांची बेसबॉल लीग, पहिलंच वर्ष. खेळायचे वेगळे पैसे आणि दुपारनंतर गोडाऊनमधून सुट्टी. म्हणजे प्रोफेशनलच की! बारा जणांत निम्मे क्रिकेटवाले, बेसबॉलचा ग्लोव्ह आजवर हातात न धरलेले. अवि त्यातलाच.
मॅनेजर रॉजरला विचारलं, बायका खेळू शकतात का? हसला. "फॅमिलीज आर ऑलवेज वेलकम!" म्हणजे टाळ्या वाजवायला.
तीन वर्षं विद्यापीठाकडून सॉफ्टबॉल खेळले. कॅचर होते, बॅटरमागे बसून पिचरने टाकलेला बॉल झेलणारी. सांगावंसं वाटलं. नाही सांगितलं.

४ नोव्हें., बुध.
बिल्डिंगमागच्या पार्किंगमध्ये अविला शिकवलं. बॅट सरळ धरतो, क्रिकेटसारखी. खांदे वळव, कंबर वळव, शंभरदा सांगितलं. मग ग्लोव्ह मी घातला, त्याला फेकायला लावलं. तळव्यावर तो चटका. लग्नानंतर पहिल्यांदा! दहाबारा बॉलच झाले असतील.
"बास आता, दे इकडे. प्रॅक्टिस मला करायचीय ना?"
दिला.

२० नोव्हें., शुक्र.
पहिली मॅच. जिंकले. अविचे दोन जबरदस्त हिट. कंबर अगदी मी सांगितली तशी वळली. रॉजरने विचारलं, कुठे शिकलास? अवि म्हणाला, "क्रिकेट हॅबिट, सर." मी तीन फुटांवर उभी. हातात त्याची पाण्याची बाटली.
शेजारची कुलकर्णीबाई म्हणते, नशीबवान आहेस. हो म्हटलं.
सई गाडीत विचारते, "आई, व्हाय आर यू अँग्री? वी वन!" सहा वर्षांच्या पोरीला कळतं. त्याला नाही.

२ जाने. ९९, शनि.
रमजान, मॅचेस बंद. बरं वाटतंय. कंपनीच्या न्यूजलेटरमध्ये अविचा फोटो आला, त्याने फ्रेम करून सोफ्यामागच्या भिंतीवर लावला. धूळ पुसताना रोज दिसतो. बॅटवरचा वरचा हात चुकलाय. कुणाला कळणारे म्हणा. मला कळतं.
काल फोनवर माझ्या आईला तो सांगत होता, "इकडे सगळे ओळखतात मला आता." आई जळगावहून किती कौतुक करत होती! माझ्या मॅचला एकदाही आली नाही.

१९ फेब्रु., शुक्र.
फायनल. हरलो एका रनने. लिहू का? लिहितेच.
समोरचा फिलिपिनो पिचर भलताच चलाख. फास्ट टाकतोय की स्लो, कुणाला पत्ता लागत नव्हता. तिसऱ्या इनिंगला मला लागला पत्ता. स्लो टाकायचा असला की त्याचा ग्लोव्ह हनुवटीपर्यंत वर जायचा. फास्टला छातीशीच. दरवेळी. मी वीस-पंचवीस बॉल मोजले, एकदाही चुकला नाही.
अवि फेन्सपाशी पाणी प्यायला आला. घामाघूम. "काही कळत नाहीये गं. तुला काही दिसतंय का?"
"नाही रे," म्हटलं. "बघून खेळ."
शेवटी दोघं आऊट, तिसरा गेला की संपलं; एक जण तिसऱ्या बेसवर, बॅटिंगला अवि, दोन बॉल आधीच हुकलेले. ग्लोव्ह हनुवटीला गेला. स्लो, मला माहीत होतं. अविने फास्ट समजून केव्हाच बॅट फिरवली. खलास.
सई रडली. मी तिला जवळ घेतलं. आत कुठेतरी

२२ फेब्रु., सोम.
अवि धड जेवत नाही. पुढच्या वर्षी बारापैकी आठच ठेवणार म्हणे. रॉजर लिस्ट लावणार शनिवारी. अवि म्हणतो, तो एक बॉल सोडून काही आठवत नाही.
भाजीत मीठ दोनदा पडलं. पाणी पिऊन ताटावरून उठला.

२६ फेब्रु., शुक्र.
सकाळी अविने कुणाकडून तरी फायनलची व्हिडिओ टेप आणली. मी पोळ्या करत होते. रिवाइंड, प्ले, रिवाइंड. मग आवाज थांबला.
"इकडे ये."
स्क्रीनवर पिचर. ग्लोव्ह हनुवटीला.
"तू कॅचर होतीस. तुला दिसलं असणार."
हो म्हटलं.
"कधी?"
"तिसऱ्या इनिंगला."
"मग सांगितलं का नाहीस?"
"तू कधी विचारलंस मला, मी कशी खेळायचे? काय खेळायचे?"
"ते नाही विचारलं," अवि म्हणाला. "पण फेन्सपाशी विचारलं होतं."
तो सईला घेऊन खाली पार्कमध्ये गेला. उद्या लिस्ट.
टेप मशीनमध्येच होती. मी सुरुवातीपासून लावली. मध्ये एका ठिकाणी कॅमेरा फेन्सकडे वळलाय. अवि वाकून काहीतरी विचारतो. मी मान हलवते. तो पाठ फिरवून जातो आणि मी हसते. छान, मोकळं हसते.
मी हसले होते, हे मला आठवतच नाही.
अविने हे पाहिलंय का, माहीत नाही. टेप तिथेच थांबवलीय. जिन्यात सईचा आवाज येतोय.