पानं अजून भरात नाहीत

९ नोव्हेंबर

चि. कानाए हिला सेत्सुचे आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. मात्सुयामाला थंडी पडली म्हणतेस. इथे अजून स्वेटर घालावा लागत नाही.

'पानं भरात आली की कळवा, दोन दिवसांची रजा काढून येते, मिळून शिंगोचं पिंप उघडू,' असं लिहिलंयस. कळवीन की. धबधब्याच्या वाटेवर पंचेचाळीस वर्षं मेपलची पानं तळून विकतेय, मला पानांची वेळ कळणार नाही तर कुणाला? आत्ता शेंडे तेवढे पिवळे झालेत, पुलाजवळचं झाड तर ठार हिरवं. लवकर आलेला माणूस हिरवं बघून चरफडत जातो, उशिरा आलेल्याला जमीन बघावी लागते. मधले चार-पाच दिवस काय ते खरे. तेव्हा घाई करू नकोस, मी सांगेन.

पिंप जिन्याखाली आहे. गेल्या नोव्हेंबरात मिठात घातलेली पानं, मुरायचं वर्ष भरत आलं त्यांचं. झाकणाला मी हात लावलेला नाही. दुकानात आदल्या वर्षीची पानं तळते.

गुडघे ठीक. शेजारच्या दुकानातले ओकुनो रोज विचारतात, 'सूनबाई कधी येणार?' जशी काही त्यांचीच सून.

सेत्सु


२१ नोव्हेंबर

चि. कानाए, आशीर्वाद.

घाईत लिहितेय. अजून थांब. रंग आहे, पण हवा तसा नाही. यंदा उन्हाळा लांबला, सगळंच मागे पडलंय.

परवा ओसाकाची एक बाई विचारते, 'आजी, लाल पानं तिखट लागतात का हो?' म्हटलं, 'बाई गं, लाल बघायची, पिवळी खायची, आणि चव म्हणशील तर ती पिठातल्या तिळाची नि साखरेची.' तरी चार पुडे घेऊन गेली. रांग पार पुलापर्यंत जाते. मला जेवायला चार वाजतात, हातांवर तेल उडून फोड आलेत.

शिंगोचं वर्षश्राद्ध सोमवारी उरकलं. मी आणि ओकुनो, दोघंच. देवळातल्या भिक्षूंना तेवढा एकच दिवस मोकळा होता. तुला कळवायला हवं होतं, ते काय मला समजत नाही? पण एका दिवसासाठी तू कुठे धावत येणार, असं वाटलं.

ओकुनो रागावलेत. 'सेत्सुवहिनी, पोरीला कळवलं नाहीत?' म्हणाले. मी म्हटलं, 'तुम्ही तुमचे बन वाफवा.' तेव्हापासून चहा प्यायला आले नाहीत.

गेल्या वर्षी याच दिवसांत... असो. गिऱ्हाईक उभं आहे.

सेत्सु


४ डिसेंबर

प्रिय कानाए,

पानं गेली. परवाच्या वाऱ्यात उरलीसुरली सगळी उतरली.

मी खोटं लिहिलं तुला. एकवीस तारखेला मी 'अजून थांब' लिहीत होते तेव्हा पुलाजवळचं झाड असं पेटलं होतं की लोक तळणाची रांग सोडून तिकडे बघत होते. तुझ्याही लक्षात आलंच असेल. पानं भरात नसताना पुलापर्यंत रांग कशी लागेल?

मी तुला भ्याले. तू येशील, कढईपाशी उभी राहशील, माझ्याकडे बघशील. आणि काही बोलणार नाहीस. तशीच गप्प राहशील, जशी तेव्हा राहिलीस.

गेल्या नोव्हेंबरची बावीस तारीख होती. शिंगोच्या छातीत दुखत होतं. तू त्याचा कोट आणलास, हॉस्पिटलची कागदपत्रं घेतलीस, टॅक्सीही बोलावलीस. आणि मी बाहेर जाऊन ती टॅक्सी परत पाठवली. 'भराचे चार दिवस आहेत, सोमवारी जा,' म्हटलं. माझा लेक हसला आणि परत एप्रन बांधला. सोमवारी सकाळी तो चुलीपाशीच कोसळला.

अंत्यविधीला चाळीस माणसांसमोर मी म्हटलं, 'बायकोला नवऱ्याचं दुखणं कळू नये?' तू एका वाक्यात मला उघडी पाडू शकली असतीस. तू नुसती मान खाली घातलीस. एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी झाले आणि तू एक बॅग घेऊन निघून गेलीस, तेव्हाही मी कढई घासत बसले.

काल ओकुनोंना सगळं सांगितलं. ते म्हणाले, 'मला सांगून काय उपयोग, वहिनी? चाळिसांना सांगा.' सांगणार आहे. नव्या वर्षाला सगळे नातेवाईक इथे जमतील, तेव्हा सांगणार.

काल जिन्याखाली गेले होते. पिंपाच्या झाकणावर शिंगोच्या अक्षरात लिहिलंय, 'अकरा नोव्हेंबर. कानाएने खुडली, मी मीठ लावलं.' माझं नावही नाही त्यावर. वाचलं आणि तिथेच पायरीवर बसून रडले. पानं निवडताना तू गुणगुणायचीस आणि मी ओरडायचे, 'हात चालव, तोंड नको.' आता दुकानात इतकी शांतता असते की मला माझीच चीड येते. मला तुझी आठवण येते, कानाए. फार येते.

इथे आता बघण्यासारखं काही नाही. झाडं उघडी, वाटेवर चिखल, माणूस नाही काणूस नाही. तरी ये. मला माफ कर असं म्हणायला तोंड नाही, पण ते पिंप तुझं आहे, तुझ्याशिवाय ते उघडायचं नाही. यायचं नसेल तर तसंही लिही, मी पुन्हा विचारणार नाही.

आणि येणार असशील तर कुठल्या गाडीने, तेवढं कळव. स्टेशनबाहेर टॅक्सी उभी असेल. या वेळी मी ती परत पाठवणार नाही.

वाट बघतेय,
शिंगोला अडवणारी,
सेत्सु