शॉकची चिठ्ठी

पनवेल,
१२ मार्च १९९४

ती. कृष्णकांतदादास,
रमाचा सा. न. वहिनींची कंबर आता बरी असेल. इकडे सर्व ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. ठीक काही नाही. शाळेचा एक जिना चढताना मला तीनदा थांबावं लागतं.

काल मुंबईच्या त्याच डॉक्टरांकडे एकटीच जाऊन आले. म्हणाले, "बाई, मे महिन्यातच तुमच्या भावाला सांगितलं होतं. छातीवर शॉक देऊन ठोके ताळ्यावर आणू, उशीर करू नका. परत का आला नाहीत?" काय सांगणार, कपाळ! मी आत कार्डिओग्रामच्या वायरी लावून पडले होते, आणि तू येऊन म्हणालास, "गोळ्यांनी भागेल."

धन्य आहे तुझी! शॉक म्हणजे ठाण्याचं वेड्यांचं इस्पितळ, एवढंच तुला ठाऊक. ऋचाचं लग्न जुळत होतं. आईला शॉक दिला असं कळलं तर स्थळ हातचं जाईल, म्हणून गप्प बसलास. अरे, थोडी भूल देऊन क्षणभराचं काम ते! हे गेल्यापासून माझं सगळं तूच ठरवतोस, पण हृदय माझं होतं ना? दहा महिने ते वेडंवाकडं धावलं, आतला कप्पा ताणून मोठा झाला. आता शॉकने ठोके सुधारले तरी पुन्हा बिघडायची शक्यता जास्त. तेव्हा ठोके ताळ्यावर टिकायची आशा बरीच होती. पंचेचाळिशीची आहे रे मी.

सकाळपासून चार कागद फाडले. पुढचं लिहवत नव्हतं. दिवाळीत तुझ्या फायलीत शॉक द्यायला सांगणारी डॉक्टरांची चिठ्ठी मी पाहिली होती. वाचली आणि होती तशी ठेवून दिली. लग्न डिसेंबरात होतं. मलाही ऋचाच्या सासरची भीती वाटली. म्हणून तुझ्यावरचा राग कमी झालाय असं समजू नकोस.

आज दुपारी विहीणबाईंना, सुमतीबाईंना, सगळं सांगून टाकलं. त्या म्हणाल्या, "अहो, एवढंच ना? माझ्या भावाला दिला होता की! महिन्याभरात उरकलं. सहा वर्षं झाली, ठणठणीत आहे. तुम्ही इतकं थांबलात कशाला?"

मी पाचवा कागद काढला.

रक्त पातळ करायच्या गोळ्या कालपासून चालू आहेत. शॉक सात एप्रिलला. नातेवाइकाची सही लागते, ती तूच करायचीस. सुमतीबाईही येणार आहेत. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर तू दे.

तुझ्यावर रागवायला अजून शिल्लक असलेली,
रमा