बसलेली माणसं

२ जुलै, बुधवार
गौरी पोचली. पेरू देश, कुस्को गाव. इथं दोह्यात नोकरी करते, रजा काढून जुनी पडकी गावं बघायला एकटी गेली. ना टूर, ना गाईड. तिचा बाप अजून फुगलेला. "आई, तूच नातीला लाडावून ठेवलंस." ठेवलं. मला लई भारी वाटतंय. लग्नाआधी मी उदगीरसुद्धा पाहिलं नव्हतं.

डोकं ठणकतंय म्हणाली, गाव फार उंचावर. कसल्यातरी पाल्याचा चहा देतात. फोनवर भिंत दाखवली. दगडाला दगड बसवलेला, मधे चुना नाही, माती नाही. हात लावून बघ म्हटलं. लावला. "गार आहे, आज्जी." मलाच गार वाटलं. इथं दोह्याच्या मुऐदर भागात थंड पाण्याच्या नळाला कढत पाणी येतंय.

४ जुलै, शुक्रवार
इथं सुट्टी शुक्रवारी, सगळे घरी. गौरीनं माचू पिचू दाखवलं. ढगात गाव. भिंती आहेत, खिडक्या आहेत, छप्पर नाही, माणूस नाही. बायका आत्ताच पाण्याला गेल्यात असं वाटतं. मी विचारलं, मेलेली माणसं कुठं ठेवायचे गं? "आज्जी, यू आर सो क्रीपी." पण वाचून सांगितलं. इंका लोक मेलेल्या राजांना बसवून ठेवायचे. सणाला बाहेर आणायचे, जेवू घालायचे.

बरं वाटलं ऐकून. आम्हा लिंगायतांतही बसवूनच माती देतात. ह्यांना शेतातच बसवलं, बांधाच्या कडेला. तळहातावर लिंग, भोवती विभूती, बेलाची पानं. मान जरा डावीकडं कलली होती. कुणी सरळ केली नाही. मी सांगायला पाहिजे होतं, पण बायकांना तेव्हा...

जेवताना महेश म्हणाला, ते शेत विकायचं ठरतंय. गिऱ्हाईक चांगलं आहे, पण त्याला जमीन सपाट पाहिजे. "समाधीचा चौथरा काढू, आई. गावात नवा बांधू, ग्रॅनाइटचा."
आणि ते?
"इतकी वर्षं झाली. आत काय राहिलंय आता?"
वरणात मीठ कमी होतं. संगीताला बोलले नाही. सून चांगली आहे.

६ जुलै, रविवार
सगळे कामावर. घरात मी आणि एसी. हॉलच्या कोपऱ्यातल्या खुर्चीत हे बसलेत. दिसत नाहीत. पण खुर्ची रिकामी नाही, एवढं मला कळतं. भ्याले नाही. खरं सांगायचं तर आनंदच झाला, इतक्या दिवसांनी दुपारची सोबत. गौरीच्या गमती सांगितल्या. चहा ठेवला, साखर जास्त, त्यांना लागते.

संगीता आली. "आई, हा कप कुणाचा?" माझाच म्हटलं, गार झालेला पिऊन टाकला.

मान डावीकडंच आहे.

९ जुलै, बुधवार
गौरी रात्रभर बसमधे बसून वाळवंटात उतरली. नाझ्का. "सेम कतार, आज्जी, फक्त मॉल नाहीत." हसले. मग तिनं फोन फिरवला.

खड्डे. खड्ड्यात माणसं बसलेली, गुडघे पोटाशी. इंकांच्याही आधीची म्हणे. केस तसेच आहेत. एका बाईचे तर माझ्या सासूबाईंसारखे, भुईपर्यंत. अंगावर सुती कापड, वीण दिसते. आपल्याकडचाच कापूस वाटावा. मी किती वेळ बघत होते कोण जाणे.

चोरांनी सगळं उकरलं होतं. हाडं उन्हात पडलेली. मग कुणीतरी गोळा करून परत बसवली.
विचारलं, परत बसवताना ज्याचं डोकं त्यालाच दिलं का गं?
तिनं फोन परत खड्ड्याकडं वळवला. वारा तेवढा ऐकू येत होता. मग म्हणाली, "माहीत नाही, आज्जी."

आज चहा ठेवायचा धीर झाला नाही. खुर्चीकडं पाठ करून बसले. तरी कळत होतं.

११ जुलै, शुक्रवार
महेशला गौरीचा व्हिडिओ दाखवला. नुसता फोन हातात दिला. बघितला. मागं नेऊन परत बघितला.
"तिकडं पाऊस पडत नाही, आई. म्हणून टिकलं. आपली काळी माती."
असेल. शाळेत मी दुसरीपर्यंत. म्हटलं, मग तूच उकर बाबा. जेसीबीवाल्याला लावू नको. आणि बसवताना मान बघ.
"काहीतरीच बोलतेस."

तेवढ्यात गावचा फोन आला, गिऱ्हाईकाचा. गॅलरीत गेला, काचेचं दार लावून घेतलं, एसीची हवा जाते म्हणून. त्या उन्हात बराच वेळ उभा. ओठ हलताना दिसत होते. संगीतानं खुर्चीवर धुणं टाकलं होतं, ते मी उचलून घेतलं.

आत आला, घामानं भिजलेला.
काय म्हणालास?
"सोमवारी सांगतो म्हटलं. त्याला घाई आहे."

सोफ्यावर मी आणि धुणं. मोकळी खुर्ची तेवढी एकच. तिच्याजवळ गेला, पाठीवर हात ठेवला, पण बसला नाही. जमिनीवरच बसला, भिंतीला टेकून.

"चहा टाक ना, आई."

किती कप, ते मी विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही.