अडलं होतं येणाऱ्या लाइनीत

चि. धाकट्यास,

थोरल्याचे भरभरून आशीर्वाद. घरची मंडळी बरी असतील. तुझी छाती मधूनच फडफडते ती अजून डॉक्टरला दाखवली नाहीस, हे मला कळलंय. (कोणाकडून ते विचारू नकोस, तुझ्याच घरात राहते ती.) माझी हकिगत वाच, मग काय ते ठरव.

त्या दिवशी एकांकडे सिंकखाली आडवा होऊन पाना फिरवत होतो, तोच डाव्या कुशीत अशी कळ आली की पाना तिथेच टाकून घर गाठलं. उलट्या, अंगात कणकण, लघवी लालसर. मी पडलो जन्मभर नळाची कामं केलेला माणूस. म्हटलं, निचऱ्याच्या पाइपात खडा अडकलाय, पाण्याचा जोर लावला की सुटेल. तांब्यामागून तांब्या रिचवत बसलो. शेवटी तुझी वहिनी म्हणाली, "टाकी भरली असेल तर दवाखान्यात चला." (तिच्या बोलण्यावर चिडायचंही त्राण नव्हतं, यावरून काय ते समज.)

तिथेही आधी खडाच शोधला. सापडेना. मग शिरेतून औषध सोडून पुन्हा स्कॅन केला. डॉक्टरीणबाईंनी पडद्यावर दाखवलं. सगळं मूत्रपिंड उजळलेलं आणि मधे पाचर ठोकावी तसा काळा तुकडा. म्हणाल्या, "काका, जाणारी नाही, येणारी लाइन बंद झालीय." माझ्या हृदयाचे ठोके बेताल पडतात म्हणे, त्यामुळे आत रक्त साचून गुठळी धरली. ती सुटली आणि मूत्रपिंडाच्या रक्तवाहिनीत जाऊन बसली. पुढचा भाग रक्तावाचून मेला. इतकी वर्षं लोकांना सांगत आलो, आधी वरचा व्हॉल्व्ह बघा; स्वतःच्या वेळी मात्र थेट मोरीत हात घातला.

मेलेला तुकडा परत येत नाही. उरलेलं राखायला रक्त पातळ करायची गोळी, रोज. जरा खरचटलं तरी रक्त थांबत नाही, म्हणून वहिनीने वस्तरा लपवलाय. आरशात एक साधू दिसतो, तोही दमलेला.

तेव्हा बाबा, एकदा ईसीजी काढून घे. एवढंच सांगायचं होतं.

तुझा,
थोरला

ता. क. गुरुवारी तुझा नंबर लावलाय. तुझ्या बायकोने होकार कळवलाय, तेव्हा तुझं मत कळवायची तसदी घेऊ नकोस.

आणखी ता. क. त्याच दिवशी माझाही पुन्हा स्कॅन आहे, अजून काही गेलंय का ते बघायला. वहिनी येते म्हणते, पण ती बाकावरच्या प्रत्येकाला माझ्या लघवीचा रंग सांगत बसेल. तू ये. तुझं काम आधी उरकलं तरी लगेच निघू नकोस. मला आत बोलावेपर्यंत शेजारी बस.