आठव्या घरातला मंगळ

सातारा, ३ फेब्रुवारी १९९६

चि. गीतांजलीस अनेक उत्तम आशीर्वाद.

वि. वि. इंद्रजित मुलगा सोन्यासारखा आहे, पण तुझ्या पत्रिकेत मंगळ आठव्या घरात बसलाय. एक नव्हे, तीन ज्योतिष्यांना दाखवली. तिघेही म्हणाले, या लग्नात मुलगा वर्ष काढणार नाही. तू कॉलेजात संभाव्यता शिकवतेस, म्हणून तुझ्याच रीतीने मांडतो. एक ज्योतिषी दहात एकदा चुकतो असं धरलं, तर तिघे एकदम चुकण्याची शक्यता हजारात एक. गुणाकार तपासून पाहा. अठरा तारखेला रविवारी मुलाकडे नकार कळवतो. तुझे वडील गेल्यापासून ही कडू कामं माझ्याच वाट्याला येतात.

रागावलीस तरी पत्र टाक.

तुझा,
नंदकाका

कोपरखैरणे, ७ फेब्रुवारी १९९६

ती. नंदकाकांस सा. न.

वि. वि. गुणाकार बरोबर, बाकी सगळं चूक. घटना एकमेकींपासून स्वतंत्र असतील तरच असा गुणाकार चालतो. कालच वर्गात हा सराव घेतला. तुम्हाला मागच्या बाकावर बसवलं असतं. इथे एपीएमसीत तीन अडत्यांना कांद्याचा भाव विचारला तर तिघे एकच सांगतात, कारण तिघे एकाच फळ्यावर वाचतात. तुमच्या तिघांनीही एकच पत्रिका वाचली. पहिल्याला मंगळ दिसल्यावर दुसऱ्याला तो न दिसण्याची शक्यता कितीशी उरते?

आता खरा प्रश्न. आई म्हणते, माझ्या जन्माची वेळ दवाखान्याबाहेर तुम्ही टिपलीत. एसटी चुकू नये म्हणून तुम्ही घड्याळ कायम वीस मिनिटं पुढे ठेवता. ती वीस मिनिटं वजा केली होतीत का?

मला इंद्रजितशीच लग्न करायचंय, काका. तुमचं उत्तर येईपर्यंत नकार कळवू नका.

आशीर्वाद मात्र पत्रिका न पाहता द्यावा.

तुमची,
गीतांजली

सातारा, १३ फेब्रुवारी १९९६

चि. गीतांजलीस अनेक आशीर्वाद.

वि. वि. नव्हती केली. वीस मिनिटं मागे घेऊन पत्रिका पुन्हा मांडली, तर मंगळ नवव्या घरात निघाला. तेच तिघे आता म्हणतात, असा जोडा शोधून सापडायचा नाही. दक्षिणा मात्र तिघांनी स्वतंत्र घेतली. मुलाकडे होकार कळवलाय.

एक सांगायचं राहिलं. आमच्या सुयशच्या जन्माची वेळही मी याच घड्याळात पाहिली होती. त्याला कडक मंगळ म्हणून प्रियदर्शिनीचं स्थळ मी मोडलं. तिला आता दोन मुलं आहेत. सुयश त्यानंतर एकही मुलगी पाहायला गेला नाही. काल त्याचीही पत्रिका पुन्हा मांडून घेतली. मंगळ नाही.

हे त्याला कोणत्या तोंडाने सांगू, ते तू कळव. तो शेजारच्या खोलीतच बसलाय, आणि मी तुला पत्र लिहितोय.

लोभ कमी करू नकोस.

तुझा,
नंदकाका